सरावात दहा, मॅचला सहा: बाण नेमका कुठे बिघडतो

तक्रार थोड्याफार फरकाने एकच असते. "काका, सरावात तीनशे पंधरा मारते, मॅचला दोनशे ऐंशीच्या पुढे जातच नाही." कधी मुलगी असते, कधी मुलगा, कधी माझ्यासारखा चाळिशीत धनुष्य हातात धरलेला गडी. आकडे बदलतात, पण खड्डा तेवढाच, ३६ बाणांत तीस-पस्तीस गुणांचा. आणि उपायही प्रत्येकाला आधीच कोणीतरी सांगून झालेला असतो: शांत राहा, मन एकाग्र कर. आमच्याकडे एका पोराचे वडील दर एंडला (एंड म्हणजे एका खेपेला मारायचे बाण, बहुधा सहा) मागच्या दोरीपलीकडून ओरडायचे, "पोपटाचा डोळा! पोपटाचा डोळा!" पोराला पोपटाचा डोळा सोडून बाकी सगळं दिसायचं, मुख्यतः वडील.

मी कोच नाही. अकरा वर्षं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) मारतोय, शनिवार-रविवारी क्लबात नव्या पोरांच्या मागे उभा राहतो, इतकंच. पण हे दुखणं मी स्वतः काढलंय आणि दुसऱ्यांचं जवळून बघितलंय. मन मोजता येत नाही. सेकंद मोजता येतात. हनुवटीला दोरी टेकल्यापासून बाण सुटेपर्यंत किती सेकंद गेले, एवढं जरी लिहून ठेवलं तरी बिघाड कुठल्या बाणापाशी सुरू झाला ते दिसतं. मग "मी घाबरते" हे वाक्य बाजूला ठेवून काम करता येतं.

आधी सामान, मग मन

घाबरतोय असं वाटणाऱ्यांतल्या काहींचा दोष निव्वळ सामानाचा निघतो, म्हणून सुरुवात तिथून करा.

बाणांवर नंबर घाला आणि तीन-चार एंड कुठला बाण कुठे लागला ते टिपून ठेवा. दर वेळी चार नंबरचाच बाण घोळक्याबाहेर पडत असेल तर तुमच्या मनाला बोल लावू नका, त्या बाणाची नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) ढिली आहे का, पीस उचकटलंय का ते बघा. साइटचे (धनुष्यावरच्या नेम धरायच्या पट्टीचे) स्क्रू हाताने हलवून बघा. नवी स्ट्रिंग लावली असेल तर ती ताणली जाते आणि ब्रेस हाइट (दोरी आणि पकडीमधलं अंतर) उतरते, म्हणून रोज बो स्क्वेअर (काटकोनी मोजपट्टी) लावून मोजायची. नॉकिंग पॉइंटचा (दोरीवर बाण लावायच्या खुणेचा) दोरा सरकला नाही ना, तेही त्याच मापात कळतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण मॅचच्या सकाळी कोणी करत नाही. सगळे फोटो काढण्यात गुंग असतात.

क्लिकरवर जरा थांबू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रायझरवर (धनुष्याच्या मधल्या दांड्यावर) बसवलेली ती पातळ पट्टी. बाण तिच्याखालून मागे सरकतो आणि टोक निसटलं की ती 'टक' करते. तो आवाज म्हणजे ठरलेलं अंतर पूर्ण झालं, आता सोड. अँकर लागल्यावर, म्हणजे खेचलेली दोरी हनुवटीला टेकल्यावर, टोकाचे दोन-तीन मिलिमीटर क्लिकरखाली शिल्लक हवेत. त्याहून जास्त उरत असतील तर सकाळी जमतं, पण अकराच्या उन्हात पाठ थकली की क्लिकर येत नाही आणि माणूस तिथेच लटकून राहतो. अगदीच कमी उरत असेल तर हनुवटीला हात लागायच्या आधीच टक होतं आणि दचकून बाण जातो. मॅचला आणखी एक गंमत होते. ताणाखाली खांदे आखडतात, कानाकडे चढतात, माणूस आपोआप आखूड होतो. काल बरोबर असलेला क्लिकर आज लांब वाटतो. तेव्हा क्लिकर पुढे सरकवायचा मोह होतो. सरकवू नका. क्लिकर जागेवरच असतो, चढलेला असतो खांदा.

आणि पौंड, म्हणजे धनुष्य खेचायला लागणारा जोर. हा विषय निघाला की सगळे गप्प होतात, कारण क्लबात पौंड म्हणजे इज्जत. मी एक साधी परीक्षा घेतो. बाण लावून, बॉससमोर (बाण रुततात त्या जाड गादीसमोर) जवळ उभं राहून, पूर्ण खेचायचं, अँकर लावायचा आणि न सोडता तीस सेकंद धरायचं. मग एक मिनिट विश्रांती. असं पाच वेळा. तिसऱ्या वेळेलाच हात थरथरला, खांदा वर आला, तर तो बो तुमच्यासाठी आजच्या घडीला जड आहे. लिंबचे (धनुष्याच्या वरच्या-खालच्या पात्यांचे) बोल्ट फिरवून थोडे पौंड उतरतात (नंतर टिलर, म्हणजे दोन्ही लिंबांचा समतोल, आणि नॉकिंग पॉइंट पुन्हा बघावा लागतो). नाहीतर कोणाच्या तरी जुन्या हलक्या लिंब महिनाभर मागून घ्या. ३८ पौंडांवर लटकण्यापेक्षा ३४ पौंडांवर सुटलेला बाण चांगला. लाज चार दिवस वाटते.

सेकंदांची वही

गेल्या पावसाळ्याच्या आधी एका निवड चाचणीला आमची सोळा वर्षांची पोरगी उतरली होती. तिच्या वयोगटाला अंतर ६० मीटर, टार्गेट तेच १२२ सेंटिमीटरचं, ज्याचं दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटर असतं, म्हणजे चहाच्या बशीहून लहान. मी मागे खुर्चीवर, एका हातात मोबाइलचं स्टॉपवॉच, मांडीवर वही. गुण लिहायला स्कोअरर होते, मी फक्त सेकंद लिहीत होतो.

पहिल्या एंडला ४, ४, ५, ४, ४, ५. गुण ५३.

दुसऱ्यालाही जवळजवळ तसंच. तिसऱ्या एंडला मात्र वहीत असं उतरलं: ४, ५, ९, २, २, ३. गुण ४१. त्यातले पाच, सहा आणि चार एकापाठोपाठ एक आलेले.

एंड संपल्यावर ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "काका, पाच लागला आणि मी घाबरले."

मी वही पुढे केली. "पाच लागला त्याच्या आधी काय झालं सांग."

तिने नऊच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग हळूहळू आठवत गेलं. टार्गेटवरची वाऱ्याची झेंडी खेचल्यानंतर फडफडली. तिने थांबावं की मारावं, असा विचार केला. विचार करताना पाठीचं काम थांबलं, क्लिकर येईना. मग 'आता एवढं खेचलंय तर सोडलाच पाहिजे' म्हणून जोर लावला आणि तो बाण पाचात गेला. पुढचे दोन सेकंदांचे बाण म्हणजे त्या पाचाची भरपाई करायची घाई.

म्हणजे बघा, पाच गुण पडले ते भीतीने पडले नाहीत, भीती नंतर आली. आधी होता तो खेचल्यावर केलेला विचार. आणि वेळ तर बक्कळ शिल्लक होता. खाली आणून पुन्हा खेचायला कोणी अडवलं नव्हतं.

सहा-सात सेकंदांच्या पुढे काय होतं ते समजून घ्या. पाठीचे स्नायू दमतात, भार दंडावर आणि बोटांवर येतो, दोरी नकळत मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढे सरकते. त्या अवस्थेत सुटलेला बाण बहुतेक वेळा खाली जातो. जोर लावून बोटं झटकली तर उजव्या हाताने मारणाऱ्याचा बाण डावीकडे. हात तोच, बो तोच, नुसते पाच सेकंद जास्त झालेले.

तर पहिलं काम हे. पुढच्या दोन आठवड्यांत कोणालातरी मागे बसवा आणि किमान दहा एंडचे सेकंद लिहून घ्या, गुण शेजारी लिहा. कोणी नसेल तर मोबाइल तिपाईवर लावून चित्रीकरण करा आणि घरी मोजा. तुमचा 'घरचा' आकडा सापडेल. माझा चार आहे, एका मित्राचा अडीच. कमी चांगला की जास्त, याला अर्थ नाही, सारखा आहे की नाही एवढंच बघायचं. बहुतेकांच्या वहीत दोनच रोग दिसतात: एखादा बाण फार लांबतो, किंवा एखादा फार आखडतो. मधले आकडे सुखरूप असतात.

आखडणारे आणि अडकणारे

फार आखडणारा आकडा, म्हणजे हनुवटीला हात लागला न लागला तोच बाण गेला, हा दर बाणाला व्हायला लागला तर तो घाईचा प्रश्न राहत नाही. त्याला टार्गेट पॅनिक म्हणतात. मला पाचव्या वर्षी झाला. ऐन फॉर्मात असताना.

माझी लक्षणं अशी होती: साइटची पिन पिवळ्यात, म्हणजे टार्गेटच्या मधल्या वर्तुळात, शिरली रे शिरली की बोटं उघडायची. मी सोडत नव्हतो, सुटत होतं. महिनाभराने उलटंच सुरू झालं. पिन पिवळ्याच्या खाली लाल पट्ट्यात अडकायची आणि वर जायलाच तयार नसायची, जणू मध्ये काच लावली आहे. हात उचलायचा म्हटलं तर हात लाकडाचा. शेवटी मी लाल पट्ट्यावर नेम धरून साइट खाली केली, म्हणजे निदान बाण तरी पिवळ्यात जातील. आठवडाभर गेले. मग पिन लाल पट्ट्याच्याही खाली अडकायला लागली. (हसू नका, ज्यांना झालाय त्यांना माहीत आहे.)

याचं कारण भित्रेपणा नव्हे. हजारो बाण मारताना डोळ्याला पिवळा दिसणं आणि बोटांनी सोडणं यांची गाठ बसते. मेंदू एकदा ती गाठ शिकला की मधल्या पायऱ्या गाळतो. क्लिकर असला तरी तेच. मग 'टक'ऐवजी 'टक होणार' एवढ्यावरच बोटं सुटतात. गाठ सराव करून बसली आहे, त्यामुळे 'मन शांत ठेव' म्हणून ती सुटत नाही. उलट्या सरावानेच सुटते.

मी जे केलं ते सांगतो. पावसाळा होता, मैदान बंद. शेडमध्ये पाच मीटरवर बॉस लावला आणि टार्गेट पेपर काढून टाकला. कोरा बॉस. साइटही काढली. रोज साठ-सत्तर बाण, नेम नाही, गुण नाहीत. काही बाण डोळे मिटून, फक्त पाठ काय करतेय ते बघायला. (डोळे मिटून मारायचं ते पाच मीटरच्या आत, बॉस मोठा आणि शेजारी माणूस उभा असेल तरच. एकट्याने नाही.) दोन आठवड्यांनी साइट लावली, पेपर नाही. आणखी आठवड्याने पेपर लावला पण सोडायचं नाही: खेचायचं, पिन पिवळ्यात ठेवायची, तीन मोजायचं, खाली आणायचं. पहिल्या दिवशी वीस वेळांतले सात बाण माझ्या परवानगीशिवाय गेले. दहाव्या दिवशी एक गेला. मग १८ मीटर, मग ३०, मग ५०. ७० मीटरवर परत उभा राहिलो तेव्हा दिवाळी झाली होती.

यातला सगळ्यात गुणकारी प्रकार दोघांचा आहे. एक खेचतो, दुसरा मागे उभा. क्लिक झाल्यावर मागचा माणूस 'सोड' तरी म्हणतो किंवा 'डाऊन' तरी. काय म्हणेल ते आधी माहीत नाही. क्लिक झाला की बोटं उघडलीच पाहिजेत, ही सवय यातून मोडते. क्लिक हा हुकूम राहत नाही, नुसती वर्दी राहते. आणि खूप हसायला येतं, तेही बरंच.

डाऊन

खेचलेला बाण न सोडता परत आणणं, याला आमच्या मैदानावर सगळे डाऊन म्हणतात. पोरांच्या डोक्यात डाऊन म्हणजे हार. मागे आई-वडील बसलेत, शेजारचा बघतोय, खेचला आणि मारला नाही! म्हणून नऊ सेकंद लटकतील, पाच मारतील, पण डाऊन करणार नाहीत.

मला विचाराल तर अख्ख्या रूटीनमधली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि शिकवणाऱ्यांनी तिला सावत्र वागवलंय. पुस्तकांत बाण मारायच्या दहा-बारा पायऱ्या असतात: उभं राहणं, बाण लावणं, पकड, खेचणं, अँकर, विस्तार, सोडणं, फॉलो थ्रू. डाऊन त्यात नसतो, कारण तो बाण मारणं नव्हे. पण ज्याला डाऊन येतो त्याचा खेचण्याचा क्षण निर्धास्त असतो. परतीची वाट माहीत असलेला माणूस जंगलात घाबरत नाही.

म्हणून आमच्याकडे नियम केला. सरावात प्रत्येक एंडला एक डाऊन सक्तीचा. चांगला बाण असला तरी, पिन दहाच्या मधोमध असली तरी. कुठल्या बाणाला ते मारणाऱ्याने ठरवायचं. आणि मनात सहा मोजून झाले, क्लिक नाही, तर सक्तीचा दुसरा. बाण बॉसकडेच रोखलेला ठेवून, सावकाश, बोटं न उघडता खाली आणायचं. घाईने आणताना बोट निसटलं की बाण कुठेही जातो. खाली आणल्यावर बाण काढायचा, एक श्वास, पुन्हा पायांपासून सुरुवात. मधूनच पुन्हा खेचायचं नाही, हे मात्र कटाक्षाने.

एकास एक मॅचमध्ये आळीपाळीने मारताना एका बाणाला २० सेकंदच मिळतात, तिथे डाऊनचा हिशोब आधी करून ठेवावा लागतो. माझा असा आहे: घड्याळ सुरू झालं की धनुष्य वर (त्याआधी हात उचलायचा नसतो), १५ दिसताना हनुवटीला दोरी, ११ च्या आसपास बाण जातो. १० दिसला आणि क्लिक नाही, तर डाऊन. पुन्हा खेचून मारायला मला आठ सेकंद लागतात, म्हणजे दोन सेकंद हातात राहतात. सात दिसल्यावर डाऊन करण्यात अर्थ नाही, तेव्हा फक्त पाठ खेचत राहायची आणि जे होईल ते होईल. तुमचे सेकंद वेगळे असतील, सरावात घड्याळ लावून काढा. मॅचमध्ये हे गणित करायला बसू नका.

पाच शब्द

दहा-बारा पायऱ्या मैदानात कोणाला आठवत नाहीत. माझे पाच शब्द आहेत, मनात म्हणायचे: पाय, पकड, वर, हनुवटी, पाठ.

पाय म्हणजे दर वेळी तिथेच. लाइनवर खडूने किंवा मातीत खिळ्याने खूण केली तरी चालते. पकड म्हणजे दोन्ही हात: दोरीवर तीन बोटांची पहिली पेरं, आणि रायझरवर अंगठ्याखालचा मांसल भाग. एकदा बसली की हलवायची नाही. घाबरलेला माणूस इथे चुळबूळ करतो, पकड तीनदा बदलतो. टॅब (बोटांवरचं चामडं) घामाने ओला असेल तर पुसायचं ते आता, नंतर नाही.

'वर' या शब्दाला मी सगळ्यात जास्त जपतो. धनुष्य वर घेताना श्वास आत, नजर झेंडीवर जाऊन परत. वारा किती, पिन किती सरकवून धरायची, सगळे निर्णय इथे संपतात. धनुष्य वर गेलं की चौकशी बंद. पोरगीचा नववा सेकंद आठवा. तिचा निर्णय हनुवटीनंतर झाला होता. हनुवटीनंतर एकच निर्णय घ्यायची परवानगी आहे, डाऊन.

हनुवटी म्हणजे हात जबड्याखाली घट्ट, दोरी नाकाच्या शेंड्याला आणि हनुवटीला. अर्धा श्वास बाहेर सोडून तिथेच थांबवायचा. आणि पाठ म्हणजे उजवा कोपर मागच्या माणसाकडे जातोय एवढाच विचार, क्लिक येईपर्यंत. या वेळी पिन हलणार. हलू द्या. जगातल्या भल्याभल्यांची हलते. तिला दाबून स्थिर करायला गेलात की पाठ थांबते, आणि पाठ थांबली की सेकंद वाढतात.

सुटल्यावर लगेच मान वाकडी करून बाण कुठे गेला ते बघायची खोड असते. ७० मीटरला बाण पोचायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो, तेवढा वेळ धनुष्याचा हात टार्गेटकडेच राहू द्या. डोकावणाऱ्याचा हात खाली येतो आणि बाणही.

बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड मारणाऱ्या पोरांना ना साइट ना क्लिकर. त्यांनी 'पाठ' म्हणताना मनात एक-दोन-तीन म्हणावं, तीनला सोडावं. तोच त्यांचा क्लिकर.

कंपाउंडवाल्यांचं (चाकांचं धनुष्य मारणाऱ्यांचं) गणित थोडं निराळं. पूर्ण खेचल्यावर बहुतेक वजन उतरतं, त्यामुळे ते जास्त वेळ धरू शकतात आणि त्यांचा घरचा आकडा सात-आठही असू शकतो. त्यांचा रोग म्हणजे पिन मध्यावर आली की रिलीजचं (दोरी सोडायच्या हातातल्या साधनाचं) बटण अंगठ्याने ठोकणं. औषध तेच, कोरा बॉस आणि पाठीने सुटणारा रिलीज. ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामीने १५० पैकी १४९ मारून आणि नागपूरच्या ओजस देवतळेने १५० पैकी १५० मारून वैयक्तिक विजेतेपदं मिळवली. त्या फायनलचं चित्रीकरण बघाल तेव्हा गुण बघू नका, ते माहीतच आहेत. स्टॉपवॉच घेऊन बसा आणि पंधराही बाणांचे सेकंद लिहा. आमच्या पोरांना मी हा गृहपाठ देतो.

ठोके वाढले तर

वाढतीलच. ते थांबवायच्या नादी लागू नका. टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजांच्या हृदयाचे ठोके प्रक्षेपणात पडद्यावर दाखवत होते. महिलांच्या फायनलमध्ये येलेना ओसिपोव्हाचे ठोके अन सानपेक्षा कितीतरी जास्त होते, तरी मॅच ५-५ वर अडली आणि एका बाणाच्या शूट-ऑफवर गेली. अन सानने दहा मारला, ओसिपोव्हाने आठ. लोक यातून 'बघा, शांत राहिली ती जिंकली' एवढंच उचलतात. मला दुसरी बाजू दिसते: छातीत ढोल वाजत असताना एक पोरगी ऑलिम्पिक फायनलच्या शेवटच्या बाणापर्यंत पोचली. कारण तिचे हातपाय ढोल वाजत असतानाही तेच काम करत होते.

तेव्हा ढोल वाजत असतानाचा सराव करा. वीस उठाबशा काढा आणि लगेच एक बाण मारा, पाचही शब्द म्हणत. सराव संपवून किट आवरल्यावर परत बो काढा आणि थंड अंगाने एकच बाण मारा, हरेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. सहा रुपयांच्या चहासाठी लोकांचे हात कापताना मी पाहिलेत.

मॅचला दोन शिट्ट्या झाल्या की लाइनवर जायचं आणि दहा सेकंदांनी एक शिट्टी होते. त्या दहा सेकंदांत दोन श्वास बसतात: नाकाने आत, तोंडाने हळूहळू बाहेर, बाहेरचा आतल्याच्या दुप्पट. लांब उच्छ्वासाने ठोके थोडे उतरतात, एवढं पुरे आहे. बाकी गोष्टी पटकन: उपाशीपोटी तीन चहा मारून येऊ नका, हात थरथरतो. बेरीज करू नका, ती स्कोअरर करतो. दुर्बिणीतून बघा ते साइट सुधारायला, गुण मोजायला नाही. आणि एका बाणावरून साइट कधीच हलवू नका. तीन चांगले सुटलेले बाण डावीकडे गेले तरच साइट डावीकडे. जो बाण तुम्हीच लटकून मारला तो मोजायचा नाही.

रिकर्व्हची सेट पद्धत खरंतर चिडक्यांसाठी वरदान आहे. तीन बाणांचा सेट, जिंकला तर दोन गुण, बरोबरीला एक, सहा झाले की मॅच. एका सेटला पाच मारला तर तो सेट जातो, पुढचा कोऱ्या पाटीवर सुरू होतो. ७२ बाणांच्या रँकिंग राउंडला तशी सोय नाही, तिथे मारलेला पाच शेवटपर्यंत बेरजेत बसून राहतो. म्हणून आमच्या पोरांना मी रँकिंगलाही मनात तीन-तीन बाणांचे सेट पाडायला सांगतो. काहींना जमतं.

त्या पोरगीचं पुढे काय झालं ते विचाराल म्हणून सांगतो. त्या चाचणीत तिची निवड झाली नाही. पावसाळाभर तिने शेडमध्ये कोरा बॉस मारला, तक्रार करत करत. हिवाळ्यातल्या स्पर्धेच्या वहीत माझ्याकडे एक एंड असा आहे: ४, ४, डाऊन, ५, ४, ४, ५. तो डाऊन झाला तेव्हा तिची आई माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झालं हो, बिघडलं का काही?" तिच्या गुणांतही वाढ झाली, पण मधल्या काळात तिची उंचीही वाढली आणि बाणही बदलले, त्यामुळे सगळं श्रेय मी डाऊनला देणार नाही.

परवा मात्र तिने हट्टाने लिंब बदलून चार पौंड वाढवले. मैत्रिणीने वाढवले म्हणून. रविवारच्या वहीत ७, ८, ७, ३, ९ असे आकडे आहेत. या शनिवारपासून परत पाच मीटर, पेपर काढलेला बॉस. सकाळी साडेसहाला ये म्हणून सांगितलंय.